शब्दचर्चा: प्रक्षिप्त, बनावट, पाठभेद

वाचनवेडी: ख्रिस्ती धर्माच्या उगमाबद्दल वाचताना 'जोसेफसमधला येशूचा उल्लेख प्रक्षिप्त आहे' हे वाक्य सारखं भेटतं. काहीजण त्यालाच बनावट म्हणतात आणि तिथून थेट 'या विषयातलं सगळं संशोधनच थोतांड' इथवर जातात. दोन्ही शब्द एकच का?

पोथीनिष्ठ: नाही. ग्रंथ अस्सल, पण त्यात मागाहून कोणी घुसडलेला मजकूर तो प्रक्षिप्त. नाम हवं तर क्षेपक. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली तेव्हा ढिगाने श्लोक तळटीपांत गेले, म्हणून महाभारत बनावट ठरलं नाही.

जोसेफस हा ज्यू इतिहासकार. इ.स. 93-94च्या सुमारास रोममध्ये त्याने ग्रीक भाषेत ज्यूंचा मोठा इतिहास पुरा केला. त्याच्या अठराव्या भागात येशूवर छोटा परिच्छेद आहे. त्यात चक्क 'हा ख्रिस्त (म्हणजे मसीहा, ज्यूंना वचन दिलेला तारणहार) होता' असं विधान आहे, तिसऱ्या दिवशी तो जिवंत दिसल्याचंही. ज्यू माणूस असं लिहील कशाला? शिवाय तिसऱ्या शतकातला लेखक ओरिजेन, स्वतः ख्रिस्ती, सांगतो की जोसेफस येशूला ख्रिस्त मानत नव्हता. आणि चौथ्या शतकात चर्चचा इतिहासकार युसेबियस तोच परिच्छेद जवळपास आजच्या रूपात देतो! मध्ये कुणा ख्रिस्ती माणसाचा हात फिरला, हे बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे. भांडण आहे ते किती फिरला यावर.

टवाळ: अभ्यासक म्हणजे चर्चच्याच ताटातले ना? कुंपणच शेत खातंय, दुसरं काय.

पोथीनिष्ठ: शंका रास्त, पण इथे लागू पडत नाही. याच परिच्छेदाचा दहाव्या शतकातला अरबी पाठ 1971मध्ये चर्चेत आणणारे श्लोमो पिनेस जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले. त्या पाठात 'तो कदाचित मसीहा असावा' अशी सौम्य भाषा आहे. पुढे आक्षेप आला की हा पाठही सिरियाक या जुन्या भाषेमार्गे युसेबियसवरूनच आला असणार. मला तो आक्षेप वजनदार वाटतो. बायबलचे अभ्यासक बार्ट अर्मान ख्रिस्ती श्रद्धा सोडलेले, तरी येशू होऊन गेला यावर ठाम. येशू झालाच नसावा म्हणणारे इतिहासकार रिचर्ड कॅरियर मात्र अख्खा परिच्छेदच क्षेपक मानतात. विसाव्या भागात 'ख्रिस्त म्हटल्या जाणाऱ्या येशूचा भाऊ' याकोब येतो, तोही उल्लेख ते मूळचा धरत नाहीत. तिथे त्यांच्या बाजूला फार थोडे आहेत.

वाचनवेडी: मग बनावट कशाला म्हणायचं?

दौतटाक: 'येशूच्या पत्नीचं शुभवर्तमान' म्हणून गाजलेल्या चिठोऱ्याला. हार्वर्डच्या कॅरन किंग यांनी 2012मध्ये रोमच्या परिषदेत तो जाहीर केला. कॉप्टिक म्हणजे इजिप्तची जुनी भाषा, 'माझी पत्नी' असे शब्द, जगभर मथळे. कार्बन चाचणीत पपायरस जुनाच निघाला! पण मजकूर थॉमसच्या शुभवर्तमानातले (येशूच्या वचनांचा जुना कॉप्टिक ग्रंथ) तुकडे जोडून केलेला, आणि इंटरनेटवरच्या एका प्रतीत एक अक्षर चुकून गळलं होतं, ते इथेही गळलेलं. कॉपी करणाऱ्या पोराने शेजाऱ्याची चूकही उतरवावी तसं. 2016मध्ये त्याच्या मालकाची भानगड एका पत्रकाराने खणून काढली आणि किंग यांनीही तो बहुधा बनावट असल्याचं मान्य केलं. इथे मूळ ग्रंथच नाही, म्हणून प्रक्षिप्त म्हणता येणार नाही.

टवाळ: म्हणजे हार्वर्डही फसलं.

दौतटाक: फसलं खरं. पण शंका पहिल्या काही दिवसांतच निघाल्या होत्या आणि त्या काढणारे कॉप्टिकचे अभ्यासकच होते.

वाचनवेडी: आणि रोमन इतिहासकार टॅसिटस? त्याच्या हस्तलिखितात ख्रिस्ती लोकांच्या नावातलं एक अक्षर खरवडलंय म्हणतात.

टवाळ: ध चा मा!

पोथीनिष्ठ: ध चा मा म्हटलं की हेतू आला, अर्थ फिरला. इथे अकराव्या शतकातल्या प्रतीत 'क्रेस्तियानोस'मधला 'ए' खोडून 'इ' केलाय. त्या नावाची दोन्ही रूपं तेव्हा चालत होती आणि पुढच्याच ओळीत रोमन अधिकारी पिलातने मारलेला ख्रिस्त आहे. याला पाठभेद, म्हणजे प्रतींतला शब्दांचा फरक म्हणा, फारतर लेखनिकाची दुरुस्ती.