अनुभव धागा: सेवा करताना 'मी' कुठे सैल झाला?

यंदा लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, आमच्या नगरच्या मंडळीत (चर्चमध्ये) बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय अभ्यासाला होता. प्रभूने स्वतःला रितं केलं, दासाचं रूप घेतलं, हे लहानपणापासून पाठ आहे. पाळकसाहेबांनी विचारलं, "आणि तुम्ही शेवटचे कधी रिते झालात?" सगळे गप्प. मीही. वीस वर्षं संडे स्कूल शिकवते, पण नाताळच्या कार्यक्रमात माझ्याच वर्गाचं गाणं आधी व्हावं म्हणून मी भांडलेली आहे. म्हणून हा धागा काढतेय. किती सेवा केली त्याचा हिशेब नको. ती करताना स्वतःभोवती फिरणं कुठे थांबलं, किंवा थांबलंच नाही, तेवढं लिहा. कुणाची नावं नकोत.

*

नर्स, मिरज भागातून

नोकरीची पहिली वर्षं मी कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यात काढली. मिरजेला डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये मिशन रुग्णालय उभं केलं, त्या गोष्टी ऐकतच मी वाढले. आपणही त्याच वाटेने चाललोय असं मनात पक्कं होतं.

या आजारात नसा बधिर होतात. खिळा रुतला तरी कळत नाही, जखम हाडापर्यंत जाते. म्हणून रोज साध्या पाण्यात पाय वीसेक मिनिटं भिजवायचे, घट्टे खरखरीत दगडाने घासायचे आणि ओल्या पायालाच तेल लावायचं, म्हणजे ओल आत राहते, भेगा पडत नाहीत. एका काकांचे पाय मी रोज स्वतः धुवायचे. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले ते आठवून डोळे भरून यायचे.

महिन्याभराने काका म्हणाले, "सिस्टर, मी गावी गेल्यावर कोण धुणार? मला शिकवा की."

हे पाय त्यांनी स्वतःच सांभाळायचे असतात, हे मला प्रशिक्षणातच शिकवलं होतं. मी ते बाजूला ठेवलं होतं, कारण धुताना मला बरं वाटायचं. त्यांच्या हाताची बोटं आखडलेली, दगड धरता येईना. मग फरशीवर दगड पक्का बसवला आणि त्यावर पाय घासायचा सराव केला. तीन आठवडे लागले. कधी ते चिडायचे, कधी मी. नंतर त्यांना माझी गरज उरली नाही. ते मला फार लागलं, आणि का लागलं ते कळायला बरीच वर्षं गेली.

*

वसईहून

सिस्टर, तुमचं वाचून माझंही लिहायचं धाडस झालं.

आमच्या धर्मग्रामात, म्हणजे चर्चच्या हद्दीत, सेंट व्हिन्सेंट द पॉल सोसायटीची शाखा आहे. 1833 मध्ये पॅरिसला फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या सोबत्यांनी सुरू केलेलं हे काम. दोघांनी मिळून गरजूंच्या घरी जायचं, बसायचं, ऐकायचं, आणि कुठे गेलो ते बाहेर बोलायचं नाही. सभेत पिशवी फिरते. मूठ आत घालायची, कोणी किती टाकलं कुणालाच कळत नाही. मला ती पिशवी जड गेली. याआधी मी जे काही दिलं होतं, त्या प्रत्येक ठिकाणी माझ्या नावाची पाटी आहे.

तिसऱ्याच आठवड्यात आम्हाला मिळालेलं घर माझ्या चुलतभावाचं निघालं. वाडीच्या बांधावरून आमचं 11 वर्षं बोलणं बंद. तो अंथरुणाला खिळलाय हेही मला ठाऊक नव्हतं. वहिनीने चहा पुढे केला. त्या घरचं पाणीसुद्धा मी सोडलं होतं. घेतला. बांधाचा विषय दोघांनीही काढला नाही, अजून काढलेला नाही. पण दर बुधवारी जातो.

*

निवृत्त मराठी शिक्षिका, पुणे

पंडिता रमाबाईंनी निराधार मुली-बायकांसाठी उभारलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनला गेल्यापासून त्या डोक्यातून जात नाहीत. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. संस्कृत जिच्या जिभेवर, तिने आयुष्याची शेवटची वर्षं बायबलच्या भाषांतराला दिली आणि भाषा निवडली ती खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला कळेल अशी साधी. छपाईचे खिळे जुळवून छापायला मुक्तीतल्याच मुली. 1922 मध्ये त्या गेल्या, संपूर्ण ग्रंथ 1924 मध्ये आला. उपाशी मुलींना आसरा देणं मोठंच. पण आपली विद्वत्ता उतरवून ठेवणं मला त्याहून अवघड वाटतं, कदाचित मी भाषेची बाई म्हणून.

महिला मंडळात मी जडजड शब्दांत प्रार्थना करायचे. एक आजी म्हणाल्या, "बाई, तुमची प्रार्थना लई छान असती, पण आमेन कुठं म्हणायचं ते समजत न्हाई." त्या रात्री मला झोप आली नाही. आता आधी विचारते, काय मागायचंय? गुडघा, सुनेचं बाळंतपण, पोराची दारू. त्यांच्याच शब्दांत मागते.

*

सोलापूरहून

माझा अनुभव उलटा आहे. तरुण संघाबरोबर दर शनिवारी सिव्हिलमध्ये रुग्णांना भेटायला जायचे. घरी आई अंथरुणावर, तिचं सगळं वहिनी करायची. एका शनिवारी मी निघताना आई म्हणाली, "माझ्या वॉर्डात कधी येशील गं?"

तिच्या आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होती. आता शनिवारी घरीच असते. सिव्हिलमध्ये लोक आशीर्वाद द्यायचे, आई केस विंचरताना ओरडते. कंटाळा येतो, खोटं कशाला सांगू. नर्सताई, तिला साखर आहे, तळपाय बधिर झालेत. कोमट पाण्यात भिजवू का?

*

नर्स, मिरज भागातून

नको. साखरेच्या पायाला भिजत ठेवू नका, आणि गरम पाणी तर अजिबात नको, चटका बसला तरी त्यांना कळणार नाही. साध्या पाण्याने धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा, बेचक्या सोडून तेल लावा. तळवा रोज उजेडात बघा. लाल ठिपका दिसला तरी डॉक्टरांना दाखवा. आणि वहिनीलाही शेजारी बसवून दाखवा, म्हणजे बाकीचे सहा दिवसही नीट होईल.