कर्ज फिटलं, ॲप काढून टाकलं, पण आपल्या डेटाचं काय?

निशाचर
गेल्या वर्षी एका ॲपवरून पर्सनल लोन घेतलं होतं, घाईची गरज होती म्हणून. सगळे हप्ते वेळेवर भरले, नो ड्यूज सर्टिफिकेट पण आलं, मग ॲप अनइन्स्टॉल करून टाकलं. तरी अजून रोज कुठून ना कुठून 'तुमचं लोन प्री-अप्रूव्ह झालंय' असे फोन चालूच आहेत, आणि समोरच्याला माझा पगार साधारण किती तेही माहीत असतं! परवा तर वहिनीला फोन, तुमचं नाव रेफरन्सला आहे म्हणे. मी तिचं नाव कुठेच दिलेलं नाही. लोन घेताना कॉन्टॅक्ट्स आणि एसएमएस दोन्ही परमिशन मागितल्या होत्या, दिल्याशिवाय पुढचा स्क्रीनच येत नव्हता. हे सगळं त्यांच्याकडून पुसून घेता येतं का? माझं एक वेळ सोडा, पण वहिनीला का त्रास.

हिशेबनीस
अनइन्स्टॉल केलं की फक्त तुमच्या फोनमधलं ॲप जातं, आधीच त्यांच्या सर्व्हरवर गेलेली यादी तिथेच राहते. पगाराचं कोडं पण बहुतेक एसएमएसमुळेच, बँकेचे मेसेज वाचता आले की पगार कधी जमा होतो, बॅलन्स किती उरतो, दुसरे हप्ते कुठे चालू आहेत, सगळं समोर येतं.

मुळात कॉन्टॅक्ट्स मागणंच नियमात बसत नाही. आरबीआयने सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल लेंडिंगच्या गाइडलाइन्स काढल्या त्यात स्पष्ट आहे की फाइल्स, फोटो-व्हिडिओ, कॉन्टॅक्ट लिस्ट, कॉल लॉग यांना हात लावायचा नाही. कॅमेरा, माइक, लोकेशन चालतं पण तेही केवायसीपुरतं (ग्राहकाची ओळख पटवण्यापुरतं), एकदाच आणि तुमची परवानगी घेऊन. मे २०२५ मध्ये आलेल्या डायरेक्शन्समध्येही हे कायम ठेवलं गेलं. गुगलने पण ३१ मे २०२३ पासून प्ले स्टोअरवरच्या पर्सनल लोन ॲप्सना कॉन्टॅक्ट्स आणि फोटो बंद केलेत. तुमच्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे हो, दिलेली संमती मागे घेणं आणि डेटा पुसायला लावणं हे दोन्ही हक्क त्याच नियमांत कर्जदाराला दिलेत.

सोनचाफा
वरच्यांचं बरोबर आहे पण 'सगळं पुसा' असा मेल टाकलात तर ते एका ओळीत नाही म्हणून मोकळे होतील, कारण केवायसीची कागदपत्रं खातं बंद झाल्यावरही किमान ५ वर्षं ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. क्रेडिट ब्युरोकडची (म्हणजे सगळ्यांच्या कर्जांचा हिशेब ठेवणाऱ्या कंपनीकडची) लोनची नोंदही राहणारच, तिथे फक्त खातं 'क्लोज्ड' दिसतंय ना ते बघून घ्या. म्हणून नेमकं काय पुसायचं ते लिहा. मी असं लिहीन:

'माझं कर्ज खातं क्रमांक अमुक, अमुक तारखेला बंद झालं आहे. माझ्या फोनमधून घेतलेले कॉन्टॅक्ट्स, एसएमएस आणि लोकेशन वापरण्याची संमती मी मागे घेत आहे. ही माहिती कायमची काढून टाकावी, ती आजवर कोणकोणत्या कंपन्यांना दिली त्यांची नावं कळवावीत आणि त्यांच्याकडूनही ती काढून घ्यावी. जी माहिती कायद्याने ठेवावी लागते ती कोणती आणि किती काळ, हे लेखी कळवावं.'

शेवटचं वाक्य गाळू नका, त्याने पळवाट बंद होते.

निशाचर
खूप मदत झाली. पण पाठवू कुणाला? ॲपच्या सपोर्टला काही लिहिलं की ठरलेला ऑटो रिप्लाय येतो.

हिशेबनीस
ॲप चालवणारे आणि पैसे देणारे बऱ्याचदा वेगळे असतात. ॲपवाले म्हणजे मधले लोक, कर्ज बँकेचं नाहीतर एनबीएफसीचं (बँक नसलेली पण कर्ज देणारी वित्त कंपनी), आणि मधल्यांनी काय केलं त्याची जबाबदारीही तिच्यावरच. लोन घेताना 'की फॅक्ट स्टेटमेंट' (कर्जाच्या मुख्य अटींचा कागद) आलं असेल ते मेलमध्ये शोधा, त्यात तक्रार निवारण अधिकाऱ्याचा पत्ता मिळेल, मेल त्यांनाच करा आणि ॲपवाल्यांना सीसी ठेवा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर आरबीआयच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर तक्रार, अगदी फुकट. ते ॲप आरबीआयच्या साइटवरच्या यादीत आहे का तेही बघा, १ जुलै २०२५ पासून ती यादी सगळ्यांना खुली आहे. मागे कुठलीच बँक किंवा एनबीएफसी नसेल तर मात्र मेलाबिलात वेळ घालवू नका, आरबीआयच्या सचेत पोर्टलवर (बेकायदा पैशाचे व्यवहार कळवायची साइट) कळवा. धमक्या किंवा फोटो मॉर्फ करणं असला प्रकार सुरू झाला तर थेट १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला फोन करा.

अबोली
वहिनींबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितेय. त्यांनी कुठल्याच ॲपला संमती दिलेली नाही, तरी त्यांचा नंबर तिकडे पोचला, मला यात सगळ्यात जास्त हेच खटकतं. ऑगस्ट २०२२ च्या सर्क्युलरमध्ये आरबीआयने वसुलीसाठी कर्जदाराच्या घरच्यांच्या आणि मित्रांच्या खाजगीपणात घुसायला मनाई केलीये, कर्जदारालासुद्धा सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही असं आहे. तुमचं तर कर्जच फिटलंय! वहिनींना सांगा की फोन आला तर नंबर, तारीख, वेळ आणि तो कुठल्या कंपनीचं नाव घेतो एवढं टिपून ठेवा, आपली कसलीच माहिती देऊ नका. त्यांना आलेल्या कॉलचा स्क्रीनशॉट तुमच्या मेलला जोडा. कॉन्टॅक्ट्स घेतले होते याचा तुमच्याकडे सध्या तोच पुरावा आहे.

निशाचर
की फॅक्ट स्टेटमेंट सापडलं, एनबीएफसीचं नाव मी आज पहिल्यांदाच नीट वाचलं. वहिनीकडून कॉलचा स्क्रीनशॉट मागवलाय, तो आला की आजच मेल टाकतो. उत्तर आलं की इथेच लिहीन.