नरसिंह रावांना १९९१ चं श्रेय द्यायचं, मग ६ डिसेंबरचं काय?

मिरचीभजी:
२०२४ ला भारतरत्न मिळाल्यापासून नरसिंह रावांचा नुसता उदोउदो चाललाय. ९१ च्या आर्थिक सुधारणांचं श्रेय द्या ना, कोण नाही म्हणतंय, पण २१ जूनला पंतप्रधानपदाची शपथ घेऊन १ आणि ३ जुलैला दोन टप्प्यांत रुपयाचं अवमूल्यन करणारा माणूस ६ डिसेंबर ९२ ला बाबरी मशीद पाडली जात असताना दिवसभर हातावर हात ठेवून बसतो हे मला काही केल्या पटत नाही. निर्णय घेता येत नव्हते असं तर नव्हतंच!

वाळूचं_घड्याळ:
अहो, अल्पमतातलं सरकार होतं ते. उत्तर प्रदेशात कल्याण सिंहांचं निवडून आलेलं सरकार, त्यांनी मशिदीला धक्का लागणार नाही अशी थेट सुप्रीम कोर्टात लेखी हमी दिलेली, त्यावर विश्वास ठेवायचा नाही तर काय आधीच राष्ट्रपती राजवट लावायची? लावली असती तर तुम्हीच लोकशाहीचा खून म्हणून बोंबलला असता.

मिरचीभजी:
केंद्राचं निमलष्करी दल तिथे अयोध्येजवळ फैजाबादेत बसलेलं होतं की. आणि राजवट लावलीच ना, संध्याकाळी, सगळं भुईसपाट झाल्यावर. पुढे मुंबईने डिसेंबर-जानेवारीत काय भोगलं ते इथल्या बऱ्याच जणांना आठवत असेल.

गडमंदिर_रामटेक:
आमचे खासदार होते म्हणून दोन शब्द. ८४ च्या लाटेत भाजपच्या देशभरात फक्त दोन जागा आल्या, त्यातली एक हणमकोंडा, आणि तिथे हरले कोण तर हेच! रामटेकने निवडून दिलं म्हणून लोकसभेत गेले, ८९ लापण आम्हीच दिलं. मराठी अस्खलित, ह. ना. आपट्यांची कादंबरी तेलुगूत नेलेला माणूस. ९१ ला तर उभेच नव्हते, निवृत्तीचीच तयारी होती, राजीव गांधींची हत्या झाली आणि शरद पवारांना मागे टाकून हे पंतप्रधान. आणि एक, सगळे मनमोहन सिंगांचं नाव घेतात, पण उद्योग खातं रावांनी स्वतःकडे ठेवलेलं. २४ जुलैला बजेटच्याच दिवशी नवं औद्योगिक धोरण मांडून बहुतेक उद्योगांवरची लायसन्सची सक्ती काढून टाकली, बजेटच्या गडबडीत त्यावर फार आरडाओरडापण झाली नाही. ह्याला म्हणतात मुरलेला राजकारणी.

मिरचीभजी:
मुरलेला हे मान्यच आहे हो, तोच तर मुद्दा आहे. ९३ च्या अविश्वास ठरावात सरकार वाचवलं तेही असंच मुरलेलं, झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांना पैसे दिल्याची केस झाली.

वाळूचं_घड्याळ:
हायकोर्टाने २००२ ला निर्दोष सोडलंय, तेवढं सोयीस्कर विसरू नका. आणि २००४ ला गेले तर पार्थिव काँग्रेसच्या मुख्यालयात आतसुद्धा घेतलं नाही, गेटबाहेरूनच हैदराबादला. पाच वर्षं पंतप्रधान राहिलेल्या माणसाला ही वागणूक? बाबरीचं सगळं खापर एकट्याच्या डोक्यावर फोडून पक्ष मोकळा झाला, आणि तुम्ही त्यांचीच री ओढताय.

लिंबूटिंबू७२:
पार्थिवाचं वाईटच झालं, पण सहानुभूतीने हिशोब बदलत नाही. नोव्हेंबर ८४ ला दिल्लीत शिखांचं हत्याकांड चाललेलं तेव्हा गृहमंत्री कोण होते? हेच. दिल्ली पोलीस त्यांच्याच खात्याखाली. मिरचीभजी ९२ चंच धरून बसलेत, मला तर दोन्ही वेळचा माणूस एकच दिसतो, फायलीवर सही करायची असेल तर वाघ आणि रस्त्यावर माणसं मरत असली की वाट बघणार.

वाळूचं_घड्याळ:
८४ ला सगळी सूत्रं पंतप्रधान कार्यालयाने हातात घेतली होती असं सांगतात.

लिंबूटिंबू७२:
मग राजीनामा द्यायचा होता.