फंड स्वस्तातला शोधला, पण तो ठेवायचं भाडं कुणी बघितलं?

वजाबाकी (धागाकर्ती)
परवा गुंतवणूक खात्याचा वर्षभराचा उतारा उघडला. दर महिन्याच्या ५ तारखेला एक ओळ: विक्री, ०.३१ युनिट. पुढच्या महिन्यात ०.३०. मी तर वर्षभरात काहीच विकलं नव्हतं! खणत गेले तेव्हा कळलं, ज्याच्यामार्फत फंड घेतले तो प्लॅटफॉर्म आपली फी माझीच युनिटं, म्हणजे फंडातले माझे हिस्से, विकून वसूल करतो. फी वर्षाला ०.४० टक्के. आणि ज्या इंडेक्स फंडासाठी (बाजाराच्या निर्देशांकातलेच शेअर घेऊन ठेवणारा फंड) ०.१० टक्के खर्चाचा घ्यावा की ०.०७ यावर मी दोन रविवार घालवले, त्याचा खर्च वर्षाला ०.१० टक्के. मालापेक्षा गोदामाचं भाडं चौपट.

माझं म्हणणं असं, की आपण कीस पाडतो तो चुकीच्या जागी. एकाच निर्देशांकाचे दोन स्वस्त फंड म्हणजे जवळपास एकच वस्तू. फरक पडतो तो कुठून घेतो त्याने. १० लाख, २५ वर्षं, खर्चाआधी वर्षाला ७ टक्के वाढ धरा, चलन कुठलंही. फक्त फंडाचे ०.१० वजा केले तर ५३ लाख होतात. प्लॅटफॉर्मचे ०.४० आणखी गेले की ४८.३ लाख. पावणेपाच लाख गेले आणि उताऱ्यात दिसलं काय, तर ०.३१ युनिट.

संथगती
असहमत. मी टक्केवारी घेणाऱ्या प्लॅटफॉर्मवरच आहे, आणि खुशीने. १९ फेब्रुवारी ते २३ मार्च २०२० या महिन्याभरात अमेरिकी शेअर बाजाराचा एस अँड पी ५०० निर्देशांक सुमारे ३४ टक्के पडला. सगळं विकून टाकायचं ठरवून मी फोन लावला. पलीकडच्या बाईंनी एवढंच विचारलं, "हे पैसे लागणार कधी?" म्हटलं, पंधरा वर्षांनी. "मग आज का विकताय?" फोन ठेवला, विकलं नाही. ऑगस्टमध्ये निर्देशांक जुन्या उच्चांकाच्या वर होता. माझे ०.४० टक्के त्या एका प्रश्नाचे आहेत. तुमच्या वजाबाकीत घाबरून विकण्याचा रकाना कुठे आहे?

वजाबाकी
रकाना नाही, मान्य. पण फोन एकदा केलात आणि फी दरवर्षी जाते, तीही वाढत्या रकमेवर. तोच प्रश्न कागदावर लिहून कपाटाच्या दारावर चिकटवला तर?

संथगती
कपाटाच्या दाराशी भांडता येतं हो. बाईंशी नाही आलं.

तराजू
धागाकर्तीचं दुखणं खरं, औषध अर्धवट. 'टक्केवारी वाईट' ऐकून नवखा माणूस ठरावीक फीच्या प्लॅटफॉर्मकडे पळेल आणि आगीतून फुफाट्यात पडेल. समजा ठरावीक फी वर्षाला १,२०० आहे. ५०,००० गुंतवलेल्याला ती २.४ टक्के पडते; ०.४० टक्क्यांनी त्याचे फक्त २०० गेले असते. ३ लाखांवर दोन्ही सारखे. १० लाखांवर टक्केवारीचे ४,००० आणि ठरावीकचे तेच १,२००. म्हणजे आधी आपली रक्कम बघायची, मग प्लॅटफॉर्म; आणि रक्कम वाढली की पुन्हा बघायचं, हे कुणी करत नाही.

वर प्रत्येक खरेदीला वेगळं शुल्क असेल तर आणखी मजा. महिन्याला २,००० भरणाऱ्याकडून दर वेळी २० घेतले, की १ टक्का दारातच गेला.

आणि 'दोन फंड म्हणजे एकच वस्तू' हे तर साफ चूक. जाहीर खर्च ०.०७ असूनही फंड निर्देशांकाच्या जास्त मागे पडू शकतो. आतले व्यवहार महाग पडतात, थोडी रोकड पडून राहते. खर्चाचा आकडा बाजूला ठेवा. लाभांश धरून निर्देशांक पाच वर्षांत किती वाढला आणि फंड किती, तेवढं शेजारी मांडा. ती दरी खरी किंमत.

फुकटफौजदार
माझा प्लॅटफॉर्म शून्य फी घेतो. चर्चा संपली, चहा घ्या.

तराजू
चहाचे पैसे कोण देतंय ते विचारलंत का? खात्यात न गुंतवलेली रक्कम पडून असते, तिचं व्याज कुणाकडे जातं? परदेशी फंड घेताना चलन बदलायचा दर कोणता लावतात? ईटीएफ (शेअरसारखा बाजारात घेता-विकता येणारा फंड) असेल तर खरेदी आणि विक्रीच्या भावातलं अंतर तुम्हीच भरता. हे बेकायदा नाही, पण शून्यही नाही.

फुकटफौजदार
पडून असलेली रक्कम बघितली. बऱ्यापैकी आहे. व्याज: ०. चहा परत करतो.

जुनाजाणता
सगळे इंडेक्स गृहीतच धरून चाललेत. चांगला फंड मॅनेजर दीड टक्का घेऊन तीन टक्के जास्त देत असेल तर तुमची काटकसर काय कामाची? निर्देशांक म्हणजे सरासरी. सरासरीवर समाधान मानायचं?

आडगणित
सरासरीचंच गणित करू. बाजारातले सगळे मिळून बाजाराइतकंच कमावतात. त्यातले इंडेक्सवाले बाजूला काढले, तर उरलेले मिळून खर्चाआधी पुन्हा बाजाराइतकंच. मग जास्त खर्च करणारा गट खर्चानंतर मागे राहणारच. अर्थतज्ज्ञ विल्यम शार्प यांनी १९९१ साली हे मांडलं, त्याला ना भाकीत लागतं ना आकडेवारी. एखादा मॅनेजर जिंकतो, नक्की जिंकतो. तो कोण, हे आधी ओळखायची फी वेगळी!

अमेरिकी गुंतवणूकदार वॉरन बफे यांची पैज आठवा. २००८ ते २०१७, एका बाजूला एस अँड पी ५०० चा साधा इंडेक्स फंड, दुसरीकडे निवडक हेज फंडांच्या (मोठी फी घेऊन श्रीमंतांचे पैसे सांभाळणारे फंड) पाच टोपल्या. दहा वर्षांत इंडेक्स वर्षाला सुमारे साडेआठ टक्के, टोपल्या सरासरी ३ टक्क्यांच्या आसपास.

जुनाजाणता
त्या पैजेचं पहिलं वर्ष कुणी सांगत नाही. २००८ मध्ये इंडेक्स ३७ टक्के खाली गेला, टोपल्या त्याहून बऱ्याच कमी. पैज दहा वर्षांची होती म्हणून बफे बसून राहिले. तुमच्यातले किती बसले असते?

संथगती
हेच तर मी म्हणतोय. +१, बाजू वेगळी असली तरी.

आडगणित
थोडं अवांतर. व्हॅनगार्ड या अमेरिकी फंड कंपनीचे संस्थापक जॉन बोगल यांनी १९७६ साली सामान्य गुंतवणूकदारांसाठी पहिला इंडेक्स फंड आणला. अपेक्षा १५ कोटी डॉलरची, जमले १ कोटी १० लाखांच्या आसपास. 'बोगलचा वेडेपणा' म्हणून लोक हसले. गंमत म्हणजे त्या फंडावरही सुरुवातीला दलालांचं विक्री कमिशन होतं. व्हॅनगार्डने ते १९७७ मध्ये काढलं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, हे दुखणं या फंडाच्या जन्मापासूनचं.

वजाबाकी
तराजू, पाच वर्षांची दरी काढली. माझा ०.१० वाला निर्देशांकाच्या वर्षाला ०.१२ टक्के मागे, मी टाकलेला ०.०७ वाला ०.२१ टक्के मागे. दोन रविवार अगदीच वाया गेले नाहीत, पण ते योगायोगाने. 'एकच वस्तू' हे वाक्य मागे घेते. गोदामाचं मात्र नाही.

प्लॅटफॉर्म बदलायचा अर्ज आज भरायला घेतला. दोन पर्याय आहेत: युनिटं आहेत तशी हलवायची, किंवा विकून रोख पाठवायची. दुसऱ्यापुढे आधीच खूण करून ठेवलीय! विकलं तर कर लागू शकतो आणि पैसे काही दिवस बाजाराबाहेर राहतात. ती खूण खोडली. हलवायचं शुल्क प्रत्येक फंडामागे वेगळं आहे, आणि माझ्याकडे हौसेने घेतलेले सात फंड आहेत. कुणी असं हलवलंय का? किती दिवस लागले?

तराजू
सहा आठवडे. मधे दोनदा फोन करावा लागला. आणि आधी त्या सातांची नावं टाका इथे. त्यातले तीन एकाच निर्देशांकाचे निघतील अशी शंका आहे.

वजाबाकी
चार निघाले.