मक्तेदारी, रिंग, साटेलोटे: कांद्याच्या लिलावाला कोणता शब्द लावायचा?

निफाडकर: लासलगाव-पिंपळगावच्या कांदा लिलावावर टिपण लिहायचे आहे. भाव पडले की बातम्यांत सरसकट ‘व्यापाऱ्यांची मक्तेदारी’ छापून येते. कधी ‘रिंग’, कधी ‘संगनमत’, कधी ‘साटेलोटे’. यांत फरक करावा का? आणि ‘अनफेअर अ‍ॅडव्हांटेज’ला ‘गैरफायदा’ चालेल का?

सिन्नरकर: फरक करायलाच हवा, नाहीतर तक्रार चुकीच्या दारात जाते. मक्ता म्हणजे ठरावीक रक्कम भरून घेतलेला वसुलीचा किंवा विक्रीचा हक्क. त्यावरून मक्तेदारी, म्हणजे बाजारात एकट्याचीच सत्ता. लासलगावात परवानाधारक खरेदीदार अनेक आहेत, तेव्हा तिथे हा शब्द बसत नाही. शेतकऱ्याचा आरोप असतो तो रिंगचा: बोली लावणारी तोंडे वेगळी, पण कोण कुठवर जाणार हे आधी ठरलेले.

रिंगचा संशय असेल तर ट्रॉलीगणिक नोंद ठेवा. बोली किती जणांनी वाढवली, की पहिली तीच शेवटची? कांदा उन्हाळ असो, लाल असो की गोल्टी (बारीक कांदा), घेणारे पाळीपाळीने बदलतात का? आणि सर्वांत बोलकी खूण म्हणजे लिलावात मागे हटलेल्याच्याच खळ्यावर, म्हणजे व्यापाऱ्याच्या माल उतरवण्याच्या जागेवर, नंतर तो माल उतरतो का. वाटणी तिथे उघडी पडते.

खळ्यावर ‘खालचा माल खराब निघाला’ म्हणत भाव तोडणे हा प्रकार निराळा. त्याला रिंग म्हणू नका. लिलावात मिळालेली भावाची चिठ्ठी आणि शेवटची हिशेबपट्टी शेजारी ठेवली की क्विंटलमागे किती कापले ते कागदावरच दिसते. ही तक्रार त्याच दिवशी बाजार समितीच्या सचिवाकडे लेखी द्यावी. माल दुसऱ्या ढिगात मिसळला की काही सिद्ध करता येत नाही.

गंगापूररोडकर: कायद्याच्या बाजूने भर घालतो. 1969 च्या कायद्याच्या नावातच मक्तेदारी होती, त्यामुळे तो शब्द वृत्तपत्रांत रुजला. आताचा स्पर्धा कायदा 2002 चा. त्यात मोठे असणे हा दोष नाही. कलम 4 लागते ते वर्चस्वाच्या गैरवापराला, आणि रिंग येते कलम 3 मध्ये. कार्टेल, म्हणजे अशी रिंग, सिद्ध झाले तर दर वर्षाच्या नफ्याच्या तिपटीपर्यंत किंवा उलाढालीच्या 10 टक्क्यांपर्यंत, यांतले जे जास्त त्या मर्यादेत दंड होऊ शकतो. जो आधी येऊन कबुली आणि पुरावा देतो त्याला दंडात सूट मिळते. रिंग आतून फुटते ती बहुधा इथे. स्पर्धा आयोगाकडे माहिती द्यायची तर तीन वर्षांच्या आत.

पण सगळ्यांचे भाव सारखे आले एवढ्यावर प्रकरण टिकत नाही. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने 40 टक्के निर्यात शुल्क लावले, तेव्हा प्रत्येकाचे गणित एकदमच बदलले. त्यासाठी कुणी कुणाला फोन करायची गरज नव्हती. ऑक्टोबर 2020 ची साठामर्यादा घ्या: घाऊक व्यापाऱ्याला 25 टन. ट्रॉलीत 25 क्विंटल धरले तर दहा ट्रॉल्यांत मर्यादा संपते, मग बोली थंडावणारच. हा नियमनाचा परिणाम आहे, आणि टिपणात तसे स्पष्ट लिहा. मात्र सगळ्यांनी ठरवून लिलावच बंद ठेवला, तर तिथे संगनमताचा प्रश्न पुन्हा उभा राहतो, कारण पुरवठा रोखण्याचा करारही कलम 3 मध्येच येतो.

निफाडकर: मग साटेलोटे कुठे वापरायचे?

सिन्नरकर: साटेलोटे मूळचे सोयरिकीतले: तुमची मुलगी आमच्या घरी, आमची तुमच्या घरी. म्हणून दोन्हीकडून देणे-घेणे असेल तरच हा शब्द वापरावा, आणि सहसा एक बाजू सत्तेची असावी. ‘क्रोनी कॅपिटलिझम’ला ‘साटेलोट्याची भांडवलशाही’ चपखल बसते. पण प्रत्येक सवलत म्हणजे साटेलोटे नव्हे. राज्याच्या 2001 च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणात वाइनला उत्पादन शुल्काची सवलत मिळाली, ती अटींत बसणाऱ्या सर्वांना. ते धोरण चूक की बरोबर यावर वाद घाला, शब्द मात्र ‘सवलत’च.

उलट एखाद्या सरकारी खरेदीच्या निविदेत उलाढाल, गोदामाची क्षमता आणि अनुभवाची वर्षे अशी घातली की एकच जण पात्र ठरावा, आणि अर्जाची मुदतही चार दिवसांची, तर ते झुकते माप. ‘गैरफायदा’ घेणारा घेतो, ‘झुकते माप’ देणारा देतो. तुमच्या वाक्यात कर्ता कोण आहे ते पाहून शब्द निवडा. झुकते माप निविदेच्या कागदावर दाखवता येते. साटेलोटे म्हणायचे तर बदल्यात काय मिळाले तेही दाखवावे लागेल.

गंगापूररोडकर: एक राहिलेच. नव्या व्यापाऱ्याला परवाना किंवा आवारात गाळा मिळू न देणे याला काही जण मक्तेदारी म्हणतात. तिथे ‘अडवणूक’ लिहावे. परवाना 1963 च्या पणन कायद्याखाली मिळतो, तो नाकारला तर कारण लेखी मागून घ्यावे. त्या कागदाशिवाय पुढे अपील उभे राहत नाही.