खाली पान हलत नाही, तरी गोंडोला बंद का?

रानवाट: डोंगरमाथ्यावर नेणाऱ्या गोंडोलाच्या खालच्या स्टेशनात लख्ख ऊन असतं, वारा नावालाही नसतो आणि पाटी लागलेली असते, 'वाऱ्यामुळे बंद'. केबिन दोराला घट्ट आवळलेली असते ना, मग वाऱ्याने नेमकं बिघडतं काय? आणि मधेच वीज गेली तर खाली आणतात कसं? सोबत ज्येष्ठ मंडळी आहेत, म्हणून जरा तपशिलात सांगा.

पक्कड: केबिन दोरावरून निसटेल ही भीती नसते. स्टेशनात दोरापासून सुटून रुळावर येणाऱ्या गोंडोलात पकडीचा जबडा स्प्रिंगच्या जोरावर दोर आवळतो, आणि तो जोर स्टेशनातच यंत्र तपासतं. कमी भरला की लाईन आपोआप थांबते.

खरं दुखणं टॉवरपाशी आहे. आडव्या वाऱ्यात केबिन झोके घेते (रिकामी जास्त, भरलेली कमी) आणि टॉवरजवळून जायला मोकळी जागा ठरावीकच असते. त्याहून वाईट म्हणजे दोर. एकदोरी गोंडोलात तोच दोर वजन पेलतो आणि तोच ओढतो. टॉवरवर तो बांधलेला नसतो, चाकांच्या खाचेत नुसता टेकलेला असतो. जोराच्या झोताने खाचेतून उतरू शकतो. त्यासाठी चाकांच्या बाजूला दोर झेलणारे आकडे असतात आणि एक ठिसूळ दांडी असते. दोर तिच्यावर आला की दांडी मोडते, तिच्यातलं सर्किट तुटतं, मोटर बंद.

वारा मोजणारी यंत्रं टॉवरांवर बसवतात. डोंगराच्या धारेवर हवा दबून वर चढते आणि तिचा वेग वाढतो, त्यामुळे निर्णय सगळ्यात उघड्या टॉवरवर मोजलेल्या वाऱ्यावर होतो. तुम्हीही पायथ्याच्या गावाचं हवामान बघू नका. माथ्याच्या उंचीचा अंदाज काढा, आणि त्यात सरासरी वारा नाही, झोतांचा वेग बघा.

हिशोबी: वरच्यात वेळेचा हिशोब जोडतो, कारण 'अजून वारा सुटलाच नाही आणि बंद केलं' ही तक्रार तिथूनच येते. 3 किमीची लाईन सेकंदाला 6 मीटर वेगाने रिकामी व्हायला 500 सेकंद लागतात. पण वाऱ्यात वेग आधी उतरवतात. 3 मीटरवर आणला तर तेच काम जवळपास 17 मिनिटांचं. म्हणजे वादळ किंवा विजा पोचायच्या आधीच खाली प्रवासी घेणं थांबवावं लागतं.

वीज गेली तर डिझेल इंजिनावरचा वेगळा ड्राइव्ह जोडतात. तो हळू चालतो. सेकंदाला 1 मीटर धरला तर 3 किमीला 50 मिनिटं. केबिनीत स्वच्छतागृह नसतं, तेव्हा ज्येष्ठांनी चढण्याआधी जाऊन यावं. गरम कपडे आणि वेळेची औषधं हातातल्या पिशवीत ठेवावी. तो ड्राइव्हही चालला नाही तरच बचावपथक केबिनीपर्यंत येऊन एकेकाला पट्ट्यांत बांधून खाली सोडतं. तोवर दाराशी झटापट करू नये.

रानवाट: आणि मधेच अर्धा मिनिट थांबून केबिन वरखाली हलते, ते?

पक्कड: ते बहुधा स्टेशनातलं. कुणाचं तरी दार नीट लागलेलं नसतं, कुणी चढताना अडखळलेलं असतं. एकदम थांबल्याने लांब दोर वरखाली होतो, थोड्या वेळात शांत होतो. आपण आत हलू नये, बस्स.

तीनदोरी: सगळे गोंडोला वाऱ्याला सारखे घाबरत नाहीत. तीन दोरांच्या पद्धतीत केबिन दोन स्थिर दोरांवर चाकांनी धावते, तिसरा फक्त ओढतो. बैठक रुंद असल्याने झोके कमी. कॅनडातल्या व्हिसलरचा 2008 साली सुरू झालेला पीक टू पीक असाच आहे. त्याच्या मधल्या 3.024 किमीत एकही टॉवर नाही. खर्च मात्र दणदणीत.

माथ्याचं म्हणाल तर दर 1000 मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. 3000 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे 30 टक्के कमी. काही मिनिटांत तिथे पोचलेल्या शरीराला सवय झालेली नसते. पहिला अर्धा तास सावकाश चाला. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधीच विचारा.

हिशोबी: आणि परतीची रांग! 10 जणांची केबिन दर 12 सेकंदांनी सुटली तर तासाला 3000 माणसं. दिवसभर थोडी थोडी वर गेलेली गर्दी शेवटच्या तासात एकदम उतरायला बघते. सकाळच्या पहिल्या केबिनींत चढा, दुपारीच उतरा.

रानवाट: आईला गुडघ्यांचा त्रास आहे. चालत्या केबिनीत चढायला जमेल?

पक्कड: स्टेशनात केबिन सेकंदाला जेमतेम 0.3 मीटर सरकते. तरी स्टेशनात शिरताच कर्मचाऱ्याला सांगा. तो वेग आणखी उतरवतो, गरज पडली तर पूर्ण थांबवतो. वरच्या स्टेशनात उतरताना मदत लागेल हेही त्यालाच सांगा, तो वर फोन करून कळवू शकतो.