आधुनिक इतिहास: सनावळ्या पाठ आहेत, निबंध जमत नाही

पहिलंवर्ष: यंदा पदवीला आधुनिक इतिहास घेतलाय. पहिला निबंध होता, 'पहिल्या महायुद्धाला जबाबदार कोण?' २८ जून १९१४ ला सारायेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाची हत्या झाली, तिथपासून एकेक दिवस क्रमाने लिहिला. समासात शेरा आला: 'घटना सगळ्या आल्या. तुमचं म्हणणं कुठे आहे?' नामवंत इतिहासकारांचं जिथे एकमत नाही, तिथे मी काय म्हणणार? शिवाय आठवड्याला दोनशे पानं वाचायची, ती कशी?

तळटीप: प्रस्तावना आणि शेवटचं प्रकरण आधी वाच. लेखकाचं म्हणणं एका वाक्यात लिहून काढ, मग मधली पानं भराभर होतात. तळटीपा मात्र गाळू नकोस.

जुनीपानं: शेरा वाचून माझं दुसरं वर्ष आठवलं. युद्धानंतर जर्मनीशी झालेल्या व्हर्सायच्या तहातलं २३१ वं कलम म्हणजे 'जर्मनीला दोषी ठरवणारं कलम', असं मी प्रत्येक पेपरात लिहायचे. कलम वाचलं नव्हतं. एकदा बाईंनी इंग्रजी मजकुराची एकेक प्रत हातात दिली आणि म्हणाल्या, यात 'दोष' शोधा. आम्ही अकराजण पेन्सिली घेऊन बसलो. शब्द नाहीच! आहे ती 'जबाबदारी', जर्मनी आणि तिच्या साथीदारांची, झालेल्या हानीबद्दल. आणि हे कलम येतं नुकसानभरपाईच्या भागाच्या अगदी सुरुवातीला. मग 'दोष' आला कुठून? तास संपला तरी कुणी उठेना.

उत्तराचा मोठा भाग जर्मनीतच सापडतो. तिथल्या परराष्ट्र खात्याने युद्धदोषाचा आरोप खोडून काढायला स्वतंत्र विभाग काढला होता. १९२२ ते १९२७ दरम्यान युद्धापूर्वीच्या कागदपत्रांचे ४० खंड छापून आले, तेही याच खात्याच्या पुढाकाराने. ते वापरताना कागद कुणी निवडले, हे विचारावंच लागतं. पुढे १९६१ मध्ये जर्मन इतिहासकार फ्रिट्झ फिशर यांनी युद्धाच्या वेळचे जर्मन चॅन्सेलर (सरकारप्रमुख) बेथमान-होल्वेग यांचं ९ सप्टेंबर १९१४ चं युद्धउद्दिष्टांचं टिपण चर्चेच्या मध्यभागी आणलं आणि मोठं वादळ उठलं. पण ते टिपण युद्ध सुरू झाल्यानंतरचं. त्यावरून जर्मनीचा जुलैमधला, म्हणजे युद्धाआधीचा, हेतू सिद्ध होतो का? इथे तुला बाजू घेता येते. मत नामवंताचं असलं तरी ते कुठल्या कागदावर उभं आहे, हे तू तपासू शकतेस. मला या विषयाची गोडी लागली ती अशीच.

पहिलंवर्ष: कलम आत्ताच वाचलं. एकच लांबलचक वाक्य आहे. 'दोष' नाही, खरंय. पण 'जर्मनी आणि तिच्या साथीदारांच्या आक्रमणामुळे लादलेलं युद्ध' असं आहे की! मग हे नुसतं भरपाईचं कलम कसं म्हणायचं?

जुनीपानं: बरोबर पकडलंस. आम्ही सगळे 'दोष' शोधत राहिलो, 'आक्रमण' कुणी उचललंच नाही. निबंध इथूनच सुरू कर. ऑस्ट्रियाबरोबरच्या तहातलं १७७ वं कलम शेजारी ठेव, शब्दरचना जवळपास तीच आहे. त्या कलमावरून एवढं रान का उठलं नाही, ते बघ. लिहून झालं की इथे टाक, मी वाचेन.